दाईच्या बोलीची परीक्षा

त्या राज्याचे नाव धवलनगर होते की धवलगड, हे आता खात्रीने सांगता येत नाही. राजाला एकच राणी होती असे वाटते. दोन होत्या असे कोणी म्हणाला तर त्याला खोटे पाडण्याचा धीर होणार नाही. गोष्ट फार जुनी आहे, आणि ती ऐकली तेव्हा ऐकणाऱ्याचे कान लहान होते. पण त्या राजवाड्यात एक वाणीपरीक्षक होते आणि त्यांचे नाव नागेशशास्त्री होते, एवढे मात्र पक्के.

वाणीपरीक्षकाचे काम असे असे. ज्याला दरबारात काही सांगायचे असेल, त्याने आधी देवडीवर शास्त्रीबुवांपुढे उभे राहायचे आणि आपले म्हणणे बोलून दाखवायचे. बोलणे शुद्ध निघाले तर शास्त्रीबुवा त्याच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावत आणि चोपदार त्याला आत सोडी. अशुद्ध निघाले तर टिळा नाही. मग त्या माणसाने बाहेरच्या दगडी ओट्यावर बसायचे, आणि त्याचे गाऱ्हाणे टिळा लावलेल्या दुसऱ्या कोणीतरी आत जाऊन सांगायचे. ओट्यावरून निघालेले गाऱ्हाणे सिंहासनापर्यंत पोहोचता पोहोचता इतके गुळगुळीत होई की राजाला त्यात दुखणे कुठे आहे तेच सापडत नसे. तो म्हणे, "ठीक आहे, पाहू." आणि ओट्यावरचा माणूस घरी जाई.

शुद्ध कशाला म्हणावे, हे शास्त्रीबुवांनी एका पोथीत लिहून ठेवले होते. राजवाड्यात बोलतात ते शुद्ध, आणि जे शुद्ध तेच राजवाड्यात बोलतात. या वाक्याला कुठेतरी भोक आहे असे त्यांना अधूनमधून वाटे. पण ते नेमके कुठे आहे हे कळत नसे, म्हणून ते गप्प बसत.

शास्त्रीबुवांची विद्या अफाट होती आणि स्वतःवरचा भरवसा तितकाच थोडा होता. दरबारात जाण्याआधी ते गोठ्यात जाऊन आपले वाक्य गाईपुढे म्हणून पाहत. त्यांच्या पत्नी भागीरथीबाई धार काढता काढता ऐकत.

"एव्हाना ही बिचारी पंडिता झाली असेल," त्या म्हणत.

घरी आल्यावर दुसरीच काळजी सुरू होई. "मी आज 'कदापि' म्हणालो की 'कधीही' म्हणालो?"

"तुम्ही काय म्हणालात ते महाराजांना आठवत नसेल," भागीरथीबाई म्हणत. "तुम्हालाच आठवतं. जेवा आता."

अशी वर्षे गेली. मग लग्नानंतर पुष्कळ काळाने राणीला मुलगा झाला. हत्तीवरून साखर वाटली. पण साखर वाटून होते न होते तोच राणीला ताप भरला आणि तिचे दूध आटले. मुलाच्या पोटात गाईचे दूध ठरेना, शेळीचेही ठरेना. राजवैद्य म्हणाले, "महाराज, दाई पाहा. आणि लवकर पाहा."

दाई मिळणे अवघड नव्हते. पण पोथीत एक नियम होता. 'बालक जिचे दूध पिते, तिचीच वाणी त्याच्या जिभेवर चढते. यास्तव राजकुळातील दाई शुद्ध वाणीचीच असावी.' शास्त्रीबुवांनी तरुणपणी लिहिलेले हे वाक्य. त्याची लय त्यांना फार आवडे. दिवाणांनी ते दरबारात वाचून दाखवले, आणि दाईला टिळा लागल्याशिवाय आत सोडायचे नाही असे ठरले. दुसऱ्या कुठल्याही राज्यात दाईची आधी अंगकाठी पाहिली असती. इथे तिची जीभ पाहायची ठरली.

सरदारांच्या बायका पालख्यांतून आल्या. त्यांचे बोलणे मोत्यांसारखे होते. पण त्यांना दूध नव्हते, कारण त्यांची स्वतःची मुले दुसऱ्यांच्याच अंगावर वाढत होती. मग गावातल्या बायका आल्या. त्यांना दूध होते, पण शास्त्रीबुवांपुढे उभे राहिले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. एक कासारीण तर इतकी घाबरली की तिला स्वतःचे नाव सांगता येईना. ती डोळ्यांना पदर लावून परत गेली. शेवटी पुराणिकांच्या लेकीला टिळा लागला. ती नुकतीच तापातून उठली होती. राजपुत्राने थोडे ओढले आणि पुन्हा टाहो फोडला.

त्याच दिवशी पुतळी नावाची एक बाई डोंगरातून हिरडा विकायला बाजारात आली होती. पाठीवर झोळी, झोळीत गुबगुबीत पोर. राजवाड्यात दाई हवी आहे आणि दाईला वर्षभराचा तांदूळ मिळणार आहे, हे तिने ऐकले. हिरड्याचे गाठोडे एका दुकानात टाकून ती सरळ देवडीवर आली.

"तुझे नाव?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"पुतळी."

"गाव?"

"गाव न्हाय, वाडी हाय. करवंदवाडी. पार वरल्या अंगाला."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. "बरे. म्हण, 'राजपुत्र निद्रिस्त आहे.'"

आतून रडण्याचा आवाज येत होता. पुतळीने कान दिला.

"निजलाय व्हय? मग ह्ये कोन रडतंय?"

चोपदाराने तोंड फिरवले, कारण त्याला हसू आले होते.

"तू नुसते म्हण," शास्त्रीबुवा म्हणाले.

"खोटं कशापायी म्हनू, बुवा? प्वार भुकेलं हाय. हितवर ऐकाया येतंय."

चंदनात बुडवलेले बोट तसेच हवेत राहिले. एवढ्यात राजवैद्य बाहेर आले. त्यांनी पुतळीकडे पाहिले, झोळीतल्या पोरीच्या गालांकडे पाहिले आणि म्हणाले, "हीच."

"पण वैद्यराज, हिची वाणी…"

"मला मुलाला वाणी पाजायची नाही," वैद्य म्हणाले.

गोष्ट राजापर्यंत गेली. राजा कधी वैद्यांकडे पाही, कधी पोथीकडे. दरबारात श्रीकर नावाचा एक तरुण पंडित होता. हुशार होता, आणि शास्त्रीबुवांची जागा रिकामी कधी होते याची त्याला घाई होती. तो उठून म्हणाला, "महाराज, पोथीचा नियम राजवाड्यातच मोडला, तर उद्या बाहेर पोथी कोण मानील?"

आता सर्वांनी शास्त्रीबुवांकडे पाहिले. ते घाबरले. घाबरलेल्या विद्वानाला नेहमी सुचते तशी त्यांना एक मधली वाट सुचली.

"महाराज, तिने पाजावे, पण बोलू नये. दूध दुधाच्या जागी, वाणी वाणीच्या जागी."

ही वाट दरबाराला फार आवडली. पोथीही राहिली आणि दाईही मिळाली. राजाने हुकूम केला की दाईने तोंडातून एक शब्दही काढायचा नाही. काढला तर त्याच दिवशी तिला वेशीबाहेर घालवायचे, आणि तांदळाचा दाणा द्यायचा नाही. ती बोलत नाही ना, हे पडद्याआड बसून खुद्द शास्त्रीबुवांनी ऐकायचे.

पुतळीने हुकूम ऐकून घेतला. "गप बसायचं तर बसंन," ती म्हणाली. "पर माझी पोर संगं ऱ्हाईल. एका अंगाला तुमचा, एका अंगाला माझी."

"मान्य," राजा म्हणाला.

"आन् तांदूळ आधी वाडीवर धाडायचा."

"तो काम झाल्यावर," दिवाण म्हणाले.

"दिवानसायब, तुमी जेवून मग भूक लागाया वाट बघता का?"

तरीही तांदूळ कामानंतरच द्यायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळी राजपुत्राला घेऊन बसली. राजपुत्राच्या कानावर शुद्ध शब्द पडावेत म्हणून शेजारी पाटावर एका सरदाराच्या पत्नीला बसवले होते. ती थोड्या थोड्या वेळाने म्हणे, "हे राजपुत्रा, दुग्धपान करावे." आणि मधल्या वेळात जांभई देई. पडद्यापलीकडे शास्त्रीबुवा कान टवकारून बसले होते.

राजपुत्राने ओढले. काहीच आले नाही. त्याने पुन्हा ओढले, सोडले आणि रडू लागला. पुतळीने त्याला दुसऱ्या अंगाला घेतले. तिथेही तेच. तिने स्वतःच्या पोरीला लावून पाहिले. जिला कालपर्यंत पोटभर मिळत होते, तिलाही मिळेना. वैद्यांनी शतावरी पाठवली, शेक द्यायला सांगितले. पुतळीची छाती दगडासारखी घट्ट झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पण ओठ मिटलेले होते, कारण त्या ओठांवर वाडीतल्या घराचा वर्षभराचा भात टांगलेला होता.

माणसे कशी बोलतात हे ऐकण्यात शास्त्रीबुवांचा जन्म गेला होता. कोणी बोलत नसताना ऐकत बसण्याची ही पहिलीच वेळ. आधी राजपुत्राचे रडणे सणसणीत होते. मग ते बारीक झाले. मग ते मध्येच थांबू लागले. शास्त्रीबुवांना वाटले, बरे झाले, मूल शांत झाले. थोड्या वेळाने ते थांबणे लांबत चालले. तेव्हा त्यांना त्याचा अर्थ कळला.

दुपार कलली. पडद्यापलीकडून हळू आवाज आला.

"शास्तरीबुवा."

सरदाराची पत्नी एकदम ताठ बसली.

"बोललं की पान्हा सुटतो, बुवा," पुतळी म्हणाली. "मुक्यानं सुटत न्हाय. म्या काय करू? माझ्या पोरीलाबी मिळंना झालंय. मला घालवायचं तर घालवा. पर एकडाव ह्याला पाजून जाऊ द्या."

"शास्त्रीबुवा, ती बोलली," सरदाराची पत्नी म्हणाली. "आपण ऐकलंत ना?"

शास्त्रीबुवांनी ऐकले होते. आता फक्त चोपदाराला हाक मारायची होती. त्यांना कोणी बोल लावला नसता. हुकूम राजाचा होता आणि चूक बाईची होती. उलट ते गप्प बसले, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिला बोलू दिले, तर डोंगरातली भाषा राजपुत्राच्या कानात घालणारे तेच ठरणार होते. मग पोथीला काय अर्थ राहिला? आणि पोथीखेरीज त्यांच्यापाशी आयुष्यभरात दुसरे काय साठले होते?

त्यांनी सवयीप्रमाणे वाक्य जुळवायला घेतले. 'भाषण करण्यास प्रत्यवाय नाही' असे काहीतरी. पण पडद्यापलीकडे रडणे पुन्हा थांबले होते, आणि वाक्य फार लांब होते.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"नेहमी बोलतेस ते. नेहमी बोलतेस तसे."

मग पुतळीचा सूर लागला.

"आरं माझ्या वाघरा, किती रडशील? नरडं बसलं की रं तुझं. घे, घे. तुझ्या बापाचं राज हाय, तुला कोन अडीवतंय? आन् तू गं भवाने, सरक तिकडं. पावना आलाय घरला, त्येला आधी वाढायचं असतंय. आसं. घे माझ्या लंगड्या, घे माझ्या लबाडा…"

त्यात पोथीला मानवेल असा शब्द शोधूनही सापडला नसता. बोलता बोलता पुतळीचा आवाज सैल झाला. आणि मग त्या आवाजाखालून दुसरा एक आवाज येऊ लागला. घोट गिळल्याचा. एक, मग लगेच दुसरा, मग थांबा नाहीच. शास्त्रीबुवा पडद्याला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी बोलावण्याची वाट न पाहता ते दरबारात गेले. सरदाराच्या पत्नीने आदल्या दिवशीच सगळे सांगितले होते. श्रीकर तयार होता.

"महाराज, राखण करायला ज्यांना बसवले त्यांनीच राजपुत्राच्या कानात चिखल ओतला," तो म्हणाला.

राजाने विचारले, "शास्त्रीबुवा, हे खरे?"

"खरे, महाराज. बोल असे मीच तिला म्हणालो."

"मग आता राजपुत्र मोठेपणी कसा बोलेल?"

"ते मला ठाऊक नाही. बोलायला तो आधी उरला पाहिजे, एवढेच काल मला कळले."

"आणि तुमचा नियम?"

"तो मी लिहिला तेव्हा माझ्या घरात तान्हे मूल नव्हते, महाराज. नंतर झाले, पण मी नियम पुन्हा वाचला नाही."

आतून कुठेतरी राजपुत्राने हुंकार भरल्याची चाहूल येत होती. शेवटी राजा म्हणाला, "दाई राहील. बोलेल. तांदूळ आजच वाडीवर जाईल. पण शास्त्रीबुवा, राजपुत्राचा पहिला शब्द गावंढळ निघाला, तर टिळ्याची वाटी खाली ठेवावी लागेल."

"ठेवीन," शास्त्रीबुवा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी भागीरथीबाईंना सगळे सांगितले.

"दरबारात जाण्याआधी गाईला विचारलंत?" त्यांनी विचारले.

"वेळ नव्हता."

"मग बरोबरच बोलला असाल."

राजपुत्र बाळसे धरू लागला. राणीही हळूहळू उठून बसू लागली. वर्ष सरता सरता एका सणाच्या दरबारात राजा मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. एका सरदाराने चांदीचा खुळखुळा पुढे केला. राजपुत्राने तो ढकलला आणि सर्व सभेला ऐकू जाईल असे म्हटले, "न्हाय."

शास्त्रीबुवा उठले. त्यांनी चंदनाची वाटी सिंहासनाच्या पायरीवर ठेवली आणि मागे सरले. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण सगळे राजाकडे पाहत होते. राजा मुलाकडे पाहत होता.

"न्हाय?" राजाने विचारले.

"न्हाय," राजपुत्र म्हणाला.

"खरंच न्हाय?"

"न्हाय!"

राजा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जे मूल एकदा रडता रडता थकून थांबू लागले होते, ते आता भर दरबारात बापाला नकार देत होते. त्या संध्याकाळी दिवाणांनी काहीतरी विचारले, तेव्हा राजाच्या तोंडून सहज गेले, "न्हाय, आज न्हाय." दुसऱ्या दिवशी दिवाण एका सरदाराला म्हणाले, "न्हाय जमायचं." सरदाराने घरी जाऊन बायकोला तसेच म्हणून दाखवले. बायकोने मैत्रिणींना. राजाच्या अंगरख्याची बाही लांब झाली की ज्यांच्या अंगरख्यांच्या बाह्या लांब होतात, त्यांच्या जिभेला वळायला कितीसा वेळ लागणार?

वाटी श्रीकरपंडिताकडे गेली. त्याने नवी पोथी लिहिली. ती जुनीपेक्षा जाड होती. 'न्हाय' हेच मूळचे शुद्ध रूप आहे आणि 'नाही' हे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी राहिलेले अपभ्रष्ट रूप आहे, असे त्याने त्यात आधार देऊन सिद्ध केले. सरदारांनी आपल्या मुलांना शिकवायला पंडित ठेवले. राजपुत्र पुढे राजा झाला. त्याच्या दरबारातले बोलणे शिकण्यासाठी शेजारच्या राज्यांतून तरुण येऊ लागले. पुतळी केव्हाच वाडीवर परत गेली होती. ते बोलणे कोणाचे, हे विचारायला आता कोणी नव्हते आणि सांगण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

एकदा शास्त्रीबुवांच्या घराची मागची भिंत शेजाऱ्याने पाडली. गाऱ्हाणे घेऊन ते देवडीवर गेले. श्रीकरपंडित चंदनाची वाटी घेऊन बसले होते.

"बोला," ते म्हणाले.

"भिंत माझी होती, त्याची नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

श्रीकरपंडितांनी खेदाने मान हलवली. टिळा लागला नाही. शास्त्रीबुवा ओट्यावर जाऊन बसले. दुपारच्या उन्हात तो दगड किती तापतो, हे त्यांना त्या दिवशी कळले. भिंतीचे गाऱ्हाणे दुसऱ्या कोणी आत नेले. राजा म्हणाला, "बरं, बघू."

घरी आल्यावर भागीरथीबाई म्हणाल्या, "आता लोक बोलतात तसं बोलायला शिका."

"तू बोलशील?"

"मी मेले तरी 'न्हाय' म्हणणार नाही. तुमचं मात्र आजकाल झोपेत चुकतं."

ते खरे होते. जी भाषा रोज कानावर पडते ती वयाचाही मुलाहिजा ठेवत नाही. हळूहळू शास्त्रीबुवांच्या तोंडून जागेपणीही मधूनमधून तसेच निघू लागले, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पुष्कळ वर्षांनी एक फिरता बोहारी त्यांच्या ओसरीवर टेकला. तो डोंगरातून आला होता. तो म्हणाला की करवंदवाडीत आता शाळा आहे आणि तिथली मुले जुन्या थाटाचे शुद्ध बोलतात. शास्त्रीबुवांना ते पटले नाही. बोहारी वाटेत पदरचे जोडून सांगतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांना झोप लागेना. आपण ऐकले ते बरोबर ऐकले ना, ही त्यांची जुनीच खोड. शेवटी त्यांनी बैलगाडी केली, आणि गाडीवाट संपल्यावर काठी टेकत वर चढले.

पुतळी घरापुढे हिरडा निवडत बसली होती. पार म्हातारी झाली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"शास्तरीबुवा व्हय? जित्तं हायसा अजून?"

"आहे कसाबसा," ते हसून म्हणाले.

"आन् माझा राजा?"

"बरा आहे. तुझ्यासारखाच बोलतो. सगळा दरबार तुझ्यासारखाच बोलतो."

"चेष्टा नगा करू, बुवा." तिने हिरडा सुपात टाकला. "हितं माझी नातवंडं मला शिकिवत्यात. कोन पावना आला की म्हनत्यात, आजे, तू बोलू नगंस."

"का?"

"राजवाड्यातली मान्सं हसत्याल म्हनं."

ती स्वतःच हसली. शास्त्रीबुवांना हसता आले नाही.

वाडीच्या टोकाला झाडाखाली शाळा भरली होती. खाली कुठल्याशा गावाहून आलेला एक तरुण पंतोजी मुलांना म्हणवून घेत होता. त्याच्या मांडीवर एक जीर्ण पोथी होती. शास्त्रीबुवांनी तिची बांधणी लांबूनच ओळखली.

"हे कुठले बोलणे शिकवता?" त्यांनी विचारले.

"राजधानीचे शुद्ध," पंतोजी अदबीने म्हणाला. "नागेशशास्त्री म्हणून थोर पंडित होऊन गेले. त्यांची ही पोथी, माझ्या वडिलांनी राजधानीतून आणलेली. चुकलेल्याला मी छडी देतो, पण एकदा जीभ वळली की या मुलांना कुठेही तोंड लपवावे लागणार नाही."

"पण राजधानीत आता असं कुनी बोलत न्हाय," शास्त्रीबुवा म्हणाले.

मुले फिसकन हसली. पंतोजीने त्यांना डोळ्यांनी दटावले आणि मग म्हाताऱ्या माणसाला लागू नये अशा बेताने हळूच म्हणाला, "आजोबा, 'न्हाय' म्हणू नये. 'नाही' म्हणावे. मुले ऐकत आहेत."

शास्त्रीबुवांनी आपले नाव सांगितले नाही. सांगितले असते तरी त्याला खरे वाटले नसते. ते वाडीत मुक्कामाला राहिले आणि घराघरांतून हिंडले. कोणाच्या अंगणात पाणी मागितले, कोणाला वाट विचारली, आणि उत्तर येई ते कान देऊन ऐकले. बोहाऱ्याने सांगितले ते खरे होते. राजधानीत जी बोली शिकवायला सरदार पंडित ठेवत होते, ती त्या वाडीत फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली होती, आणि ती माणसेही पाहुण्यांपुढे गप्प बसत होती.

तात्पर्य: ज्याच्या हाती सत्ता, त्याची बोली शुद्ध ठरते, बोलीत मुळात उणे काही नसते. म्हणून माणूस कसा बोलतो हे तपासण्याआधी तो काय सांगतो आहे ते ऐकावे.